शिवेबाहेर काढलेली वाकी

दवाखान्यात जाताना भागूबाईच्या गाठोड्यात जे असायला हवं ते सगळं होतं. एक वस्तू जास्तीची होती.

१९६६ सालच्या पौषातली ही हकिगत. वडिवळ्याच्या वर डोंगराच्या सपाटीला उंबरवाडी नावाची लहानशी वाडी आहे. भागूबाई तिथली सून. लग्न होऊन आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असावी. नेमकं वय तिला माहीत नाही, तिच्या आईलाही नव्हतं. पावसाळ्यात भातलावणी, मग कापणी-झोडणी आणि थंडी पडली की हिरडा, असं तिचं वर्ष जाई. हिरड्याची कोवळी फळं झाडावरून उतरवायची, वाळवायची आणि कामशेतच्या व्यापाऱ्याला द्यायची. पुरुषांनी झाडावर चढायचं आणि बायकांनी खाली वेचायचं, अशी वाडीची रीत. भागूबाईच्या घरात उलटं होतं. नवरा शिदू अंगाने भारी होता, शेंड्याच्या फांद्या त्याला पेलत नसत. म्हणून ती चढे आणि तो खाली वेची. वाडीतले लोक त्याला ‘शिदूबाई’ म्हणत. तो हसून घेई.

हिरड्याच्या रसाने हात काळे होतात. तो डाग राखेने घासला तरी जात नाही. माघ संपेपर्यंत वाडीतल्या बायांची बोटं आणि नखं शाईत बुडवून काढल्यासारखी असतात. भागूबाईचीही होती.

पौषाच्या सुरुवातीला फांदी मोडून ती पडली. पडताना तिने उजव्या हाताने खालची फांदी धरली. त्यामुळे पाठ वाचली आणि खांदा निखळला. वाडीत हाडं बसवणारा म्हातारा होता, बहिरू. त्याने दोनदा ओढून पाहिलं. दुसऱ्यांदा भागूबाई बेशुद्ध पडली. ती शुद्धीवर आल्यावर बहिरू शिदूला म्हणाला, “माज्या हातचं न्हाई ह्ये. उगा वढत बसलो तर हात मरंल.” इतकं स्पष्ट बोलणारा बहिरू हा त्या वाडीतला बहुधा एकटाच माणूस होता.

हिरडा, लावणी, भाकरी, पाणी, सगळं त्याच हाताचं काम होतं. पोरगा भिमाजी तेव्हा जेमतेम गुरांमागे जाऊ लागला होता.

शिदू कामशेतला उतरला आणि कादरच्या दुकानात जाऊन उभा राहिला. कादर वाडीचा हिरडा घेई. त्याची बायको अकबरी गेल्या वर्षी विहिरीच्या कठड्यावरून घसरली होती आणि कोपर लोणावळ्यात बसवून आली होती. तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात पुण्याहून दर बुधवारी हाडांचा डॉक्टर येई. सकाळी भूल देऊन सांधे बसवी, गरज पडली तर लहानसहान कापाकाप करी, आणि संध्याकाळी रोग्याला घरी पाठवी. ठेवून घ्यायला खाटा नव्हत्या. त्यामुळे जाताना काय न्यायचं आणि परत कसं यायचं, हे ज्याचं त्याने बघायचं असे.

“भाबी, काय काय न्यावं लागतंय?” शिदूने विचारलं.

अकबरी तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती सांगू लागली. “पहिलं म्हणजे पोट रिकामं पाहिजे. आदल्या रात्री जेवली की बस. सकाळी पाणी नाही, चहा नाही. मशेरीसुद्धा नाही.”

“मशेरीबी न्हाई?”

“नाही. भूल दिल्यावर ओकारी येते. ती घशात अडकली तर माणूस जातो. एक दिवस मशेरी नाही लावली तर तिचे दात पळून जाणार नाहीत.”

“आन चोळी?”

“चोळीत हात कसा घालशील? हात छातीशी बांधून देतात. पुढून बटणं असलेला सैल सदरा पाहिजे. ह्यांचा जुना देते. मी तोच घालून आले होते. ष्टेशनावर एक म्हातारी मला म्हणाली, बाबा, जरा सरकून बस.”

कादर तागडीशी होता. तो वर न बघता म्हणाला, “मिशा तेवढ्या नव्हत्या.”

“त्या तुमच्यापाशी ठेवून गेले होते,” अकबरी म्हणाली, आणि पुढे सांगत राहिली. झोळीसाठी जुन्या धोतराचा मऊ तुकडा. तसाच एक लांब, हात अंगाशी गुंडाळायला. गाडीत कोपराखाली घ्यायला लहान उशी, नाहीतर दर धक्क्याला जीव जातो. ओकारीसाठी झाकणाचा डबा. लिंबू. सोबत धडधाकट माणूस, कारण येताना बाई स्वतःच्या पायावर असली तरी शुद्धीत नसते.

“आणि दुखऱ्या हातावर काही नको. त्या हातातल्या बांगड्या काढायच्या. दंडावर वाकी आहे ना तिच्या? ती पण.”

शिदू तिने दिलेल्या सदऱ्याची घडी पुन्हा घालू लागला.

“काय झालं?”

“वाकी निगत न्हाई.”

“निघत नाही म्हणजे? सोनाराकडं ने.”

“तसं न्हवं, भाबी,” शिदू म्हणाला, आणि सदरा काखेत मारून निघून गेला.

वाकी म्हणजे दंडात कोपराच्या वर घालायचं चांदीचं भरीव वळं. भागूबाईच्या उजव्या दंडात ती लग्नाच्या दिवशी सासूने घातली होती. वाकीची तोंडं पकडीने दाबून जवळ आणत. त्यानंतर ती काढायची नसे. वाडीच्या समजुतीप्रमाणे ती एकदाच निघे, नवरा गेल्यावर. शिदूची आई बाया हिची अशीच निघाली होती, शिदूच्या बापाला उचलण्यापूर्वी, अंगणात, सगळ्यांसमोर. आणि वाडीकडे दाखला होता. अंबाजी नावाच्या भावकीतल्या माणसाच्या बायकोची वाकी जत्रेत कोणी तरी उतरवून नेली, आणि त्याच महिन्यात अंबाजीला पान लागलं. साप भाताच्या पेंढ्यात होता आणि पेंढा अंबाजीच ओढत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दाखला सापाचा झाला नाही, वाकीचा झाला.

शिदूने घरी येऊन सांगितलं तेव्हा बाया चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली. ती कजाग बाई नव्हती. सुनेचा हात तिलाही हवा होता. शेवटी तिने तोड काढली.

“काडायची तर काडा. पर शीव वलांडल्यावर काडायची. आन परत शिवेच्या आत पाय टाकायच्या आदी घालायची. शिवेभाईर आपल्या देवाला दिसत न्हाई.”

“आन घातली न्हाई तर?” भागूबाईने विचारलं.

बाया म्हणाली, “तर मग त्येला इचार,” आणि शिदूकडे बोट केलं.

बुधवारी पहाटे दोघं निघाले. वाडीच्या उतारावर, जिथे वडिवळ्याची हद्द लागते, तिथे शेंदूर फासलेला एक उभा दगड आहे. तो ओलांडल्यावर शिदूने भागूबाईला खाली बसवलं आणि पकडीने वाकी उघडली. चांदी नरम होती, फार जोर लागला नाही. खाली दंडावर उजळ कातडीचा पट्टा होता. इतक्या वर्षांत तिथे ऊन लागलं नव्हतं. भागूबाईने तो पदराने झाकला. शिदूने वाकी फडक्यात गुंडाळून गाठोड्यात तळाशी ठेवली, सदऱ्याखाली. पकडही ठेवली.

कामशेतला गाडीला वेळ होता, म्हणून दोघं कादरच्या दुकानात थांबले. अकबरीने गाठोडं उघडून पाहिलं. सदरा, धोतराचे तुकडे, उशी, डबा, लिंबू. सगळं होतं. मग तिच्या हाताला फडकं लागलं.

“ही कशाला?”

“घरी जाताना लागंल,” शिदू म्हणाला.

“ह्या हाताला? अरे, सांधा बसवल्यावर सूज येते. माझा हात भोपळ्यासारखा झाला होता. सूज उतरल्याशिवाय दोरासुद्धा बांधू नको. ठेव माझ्यापाशी, पुढच्या बाजाराला ने.”

शिदूने तिच्या हातातून फडकं काढून घेतलं. “घरची चीज हाय, भाबी. दुसऱ्याकडं ठिवत न्हाईत.”

“मग गाठोड्यातच राहू दे. कळलं का?”

“व्हय,” शिदू म्हणाला.

भागूबाई बाकावर बसून हे ऐकत होती.

दवाखान्यात सगळं नीट झालं. भागूबाईच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, तोंडात मशेरी नव्हती, हातावर काही नव्हतं. भूल चढली, डॉक्टरांनी सांधा बसवला आणि हात झोळीत घालून छातीशी बांधला. दुपारी ती शुद्धीवर आली. एकदा ओकली, डब्यात. मग नर्सने तिला पाची बोटं वळवायला आणि उघडायला सांगितली. तिने वळवली, उघडली. नर्सने दोनदा करून घेतलं.

घरी सोडताना नर्सने शिदूला समोर उभं केलं. “हात जड वाटेल, सुजेल. त्याला घाबरायचं नाही. बोटं गार पडली, नखं निळी-काळी झाली, तर मात्र त्याच पावली परत आणायचं.” मग तिचं लक्ष भागूबाईच्या हाताकडे गेलं. “हे काय?”

“हिरडा,” शिदू म्हणाला.

“मग नखांवरून तुला कळायचं नाही. बोटं हलतात का, ते बघ. हलेनाशी झाली की निघायचं. आणि झोळी सोडायची नाही, पट्टा आवळायचा नाही.”

“व्हय,” शिदू म्हणाला. दिवसभरात तो हा शब्द बऱ्याचदा बोलला होता.

परतीच्या पॅसेंजरमध्ये भागूबाई उशीवर कोपर टेकून डुलक्या घेत होती. कामशेतहून कादरने आपल्या बैलगाडीने वडिवळ्यापर्यंत पोचवलं. पुढे चढ होता. ती दहा पावलं चाले आणि थांबे. उन्हं डोंगरामागे गेली तेव्हा ती दोघं शिवेच्या दगडाशी पोचली.

दगडाशी कोणी नव्हतं. बाया घरी होती, वाडी अजून वर होती, खालच्या वाटेवर माणूस दिसत नव्हतं. वाकी घातली की नाही हे बघायला तिथे कोणी आलं नव्हतं. हे लिहून ठेवायला हवं, कारण हाताचं पुढे जे झालं त्याचा सगळा दोष वाडीत बायावर गेला.

शिदूने गाठोडं खाली ठेवलं. “घालू का?” त्याने विचारलं.

भागूबाईने पुढे पुष्कळ वर्षांनी सांगितलं की त्या क्षणी तिला अकबरीचं बोलणं शब्दन्‌शब्द आठवत होतं. पण शिदूच्या तोंडाकडे तिने पाहिलं. अंबाजीला उचलताना खांदा देणाऱ्यांत शिदू होता. तो घाबरलेला होता, आणि आईला नव्हता घाबरलेला.

“घाला,” ती म्हणाली. “घरात पाय ठिवायचा हाय.”

त्याने पट्टा सोडला, सदऱ्याची बाही वर सरकवली. दंड सकाळपेक्षा जाड होता. वाकी त्या उजळ पट्ट्यावर बसेना. थोडी वर सरकवावी लागली. तोंडं पुरती जुळवायला पकड दोनदा लावली. भुलीचा अंमल आणि दुखण्यावरची सुई होती, भागूबाईला फारसं काही जाणवलं नाही. तिने एवढंच म्हटलं, “हात माजा न्हाईच वाटत.” शिदूने बाही खाली केली आणि पट्टा पुन्हा गुंडाळला, सुटू नये म्हणून जरा घट्टच. मग दोघांनी शीव ओलांडली.

बायाने दारात सुनेच्या अंगावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सदऱ्यावरून दंड चाचपला. वाकी हाताला लागली. तिने मान हलवली. घरात त्या रात्री सगळे पोटभर जेवले.

सकाळी दुखणं खांद्यात नव्हतं. कोपराच्या खाली होतं, आणि भागूबाईने आयुष्यात असलं दुखणं पाहिलं नव्हतं. मनगट फुगून चकचकीत झालं होतं. शिदूने नखं पाहिली. ती काळी होती. डाव्या हाताचीही काळी होती.

“बोटं हलीव,” तो म्हणाला.

तिने प्रयत्न केला. करंगळी थोडी हलल्यासारखी वाटली. शिदू म्हणाला, हलली. भागूबाई म्हणाली, न्हाई हलली. बायाने निवाडा दिला. वाकी शिवेबाहेर काढली खरी, पण काढलीच ना. देवाला राग आला आहे. नारळ द्यायला हवा. वाडीत नारळ नव्हता. शिदू वडिवळ्याला जाऊन नारळ घेऊन आला, दगडाशी फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा भागूबाईच्या तोंडात घातला. तोवर दुखणं कमी झालं होतं. सगळ्यांना बरं वाटलं. हात बधिर होत गेला की दुखणंही मरतं, हे वाडीत कोणाला कळण्यासारखं नव्हतं.

दुपारी कादर बैल घेऊन हिरडा न्यायला वर आला. अकबरीने त्याला बजावून पाठवलं होतं की आधी हात बघा, मग माल. त्याने झोळीतून डोकावणारी बोटं हातात धरली, मग डावी धरली, मग पुन्हा उजवी. उजवी विहिरीतल्या दगडासारखी गार होती.

“पट्टा सोड,” तो शिदूला म्हणाला.

पट्टा सोडल्यावर दिसलं. दंडाचं मांस वाकीच्या दोन्ही बाजूंनी वर आलं होतं आणि वाकी मधल्या खाचेत बुडाली होती. खालच्या हातावर पाण्याचे फोड होते.

कादर हलक्या आवाजात बोलला. “काढ ती. आत्ता.”

“काडतो,” शिदू म्हणाला. “शिवेभाईर न्हेतो आन काडतो.”

“शिवेबाहेर? अरे, हितं बसल्या जागी काढ.”

“हितं न्हाई.”

“शिदू, तिचा हात चाललाय.”

शिदू म्हणाला, “आन मी?”

कादर परका होता, आणि शिदू खरोखर घाबरून बोलतोय हे त्याला दिसत होतं. त्याने भागूबाईकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे बघत होती. बाया दारात उभी होती.

वाकळेची झोळी करून दोन बांबूंना बांधली. शिदू पुढे, वाडीतला एक जण मागे. उतार निसरड्या मुरमाचा होता, सावकाश उतरावं लागलं. कादर बाजूने चालत होता. विळ्याला धार लावायची कानस तो वाडीतून मागून घेऊन आला होता. दगड ओलांडल्यावर झोळी खाली ठेवली. पकड आता वाकीखाली शिरत नव्हती. कादरने कानशीने चांदी कापायला घेतली. ती नरम होती, पण मांसात रुतलेली होती, आणि तो सोनार नव्हता. तुकडे सुटले तेव्हा भागूबाई ओरडली नाही. तिला तिथे काही लागत नव्हतं.

लोणावळ्याच्या दवाखान्यातल्या रोजच्या डॉक्टरने त्याच दिवशी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे कोपराखालचा हात लांब चिरून मोकळा केला. होळीपर्यंत ती तिथेच होती. हात राहिला. खांदा तर उत्तम बसला होता. तो पुन्हा कधी निखळला नाही. पण बोटं हळूहळू तळव्याकडे आकसली आणि तशीच राहिली. दवाखान्यातल्या एका डॉक्टरने शिदूला विचारलं की वाकी वाडीतच का कापली नाही, सकाळीच का कापली नाही. शिदू म्हणाला, “सकाळी नखं कळंना.” ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं.

पुढच्या पौषात हिरड्याच्या झाडावर शिदू चढला. त्याला शेंडा गाठता येईना. भागूबाई खाली डाव्या हाताने वेचू लागली. भाकरी ती डाव्या हाताने थापायला शिकली. त्या एका बाजूला जाड होत. शिदू त्या मुकाट्याने खाई. अकबरी बाजाराच्या दिवशी तिला दुकानात बसवून चहा देई, पण वाकीचा विषय तिने कधी काढला नाही. एकदाच म्हणाली, “सदरा परत नको देऊ. असू दे तुला.” भागूबाई तो अजून थंडीत घालते.

वाडीने या प्रकरणातून जे घ्यायचं ते घेतलं. वाकी शिवेच्या आत कापली असती तर शिदू वाचला नसता. बाहेर नेऊन कापली म्हणून वाचला. आता अंबाजीच्या दाखल्याला शिदूचा दाखला मिळाला होता. शिदू जितकी वर्षं जगत गेला तितका दाखला पक्का होत गेला. बाया कोणालाही शिदूकडे बोट करून दाखवी. शिदू मात्र तेव्हापासून पेंढ्यात हात घालण्याआधी काठीने झोडपून घेई, आणि जेवताना त्याची नजर अधूनमधून बायकोच्या रिकाम्या दंडाकडे जाई. भागूबाईला ते कळे. ती पदर ओढून घेई.

१९७५ साली भिमाजीचं लग्न झालं. वाकीचे दोन तुकडे बायाने उतरंडीत जपून ठेवले होते. शिदूने ते कामशेतच्या सोनाराकडे नेऊन सांधून आणले. सांध्याची जागा जरा काळसर दिसत होती. नवी सून दारात आली. वाकी घालायचा मान सासूचा. भागूबाईने डाव्या हातात वाकी घेतली. पकड धरायला उजवा हात चालत नव्हता, म्हणून शिदू शेजारी उभा राहिला. मुलीने रीतीप्रमाणे उजवा हात पुढे केला.

भागूबाईने तो हात धरून खाली केला. “डावा दे,” ती म्हणाली.

बाया आतून म्हणाली, “आपल्यात उजव्यात घालत्यात.”

भागूबाईने मागे वळून पाहिलं नाही. तिने मुलीच्या डाव्या दंडात वाकी चढवली, शिदूला पकड लावायला सांगितली, आणि तो दाबत असताना मध्ये आपलं डावं बोट घालून ठेवलं, तितकी सैल राहावी म्हणून. शिदूने बोटापाशी पकड थांबवली.

नव्या सुनेने सगळे पांगल्यावर विचारलं, “आत्या, डाव्यात का वो?”

“उजवा कामाला लागतो,” भागूबाई म्हणाली.